खिंडसीकाठची पहिली पंगत

चंद्रभान जमादाराच्या हातचा रोडगा ज्याने खाल्ला नाही असा माणूस शहरातल्या सदर भागातल्या त्या सरकारी कचेरीत दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता. किती साहेब आले, किती बदलून गेले. निरोपाचा हार गळ्यात असतानाच ते त्याला बाजूला घेऊन विचारायचे, "जमादार, पुढच्या हिवाळ्यात आठवण ठेवाल ना?" शहराच्या महाल भागात तो राहायचा त्या गल्लीत कोणाचा नवस फेडायचा असो की कोणाच्या शेतावर जेवण असो, रोडगे म्हटले की चंद्रभान, हे ठरलेलं. एवढी त्याची कीर्ती. पण या जगात एक बाई अशी होती की तिने त्याच्या हातचा गरम रोडगा कधी चाखला नव्हता. ती त्याची बायको, सुभद्रा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आता कोणी विचारील, केस पांढरे व्हायची वेळ आली आणि हे कसं काय? तर रोडगा ही घरच्या चुलीवर दोघांपुरती करायची वस्तू नाही. जाडसर दळलेली कणीक घट्ट मळायची, पोळीवर पोळी ठेवून मध्ये तेलाचा हात फिरवायचा, कडा गोळा करून गोळा वळायचा आणि तो गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचा. वर राख लोटायची, फिरवत राहायचं. मग फडक्यात घेऊन झटकायचा, फोडायचा, त्यात तूप ओतायचं, सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. याला मोकळी जागा लागते आणि वीस-पंचवीस खाणारी तोंडं लागतात. महालातल्या दोन खोल्यांत गोवऱ्या पेटवल्या असत्या तर घरमालकाने बिऱ्हाडासकट बाहेर काढलं असतं.

म्हणून चंद्रभान रविवारी, सणावारी, सुट्टीला बाहेर. सुभद्रा घरी. नवऱ्याच्या आधी जेवायचं नाही ही तिच्या आईची शिकवण, म्हणून ती उपाशी. संध्याकाळी तो धुराने लाल झालेले डोळे घेऊन यायचा, पंच्याच्या गाठीतून एक रोडगा काढायचा आणि म्हणायचा, "घे वं, तुह्यासाठी आनला." तोवर त्याचा दगड झालेला असे. ती तो वरणात कुस्करून खायची. चंद्रभान समोर बसून साहेब काय म्हणाले, बडे बाबू काय म्हणाले, हे सांगायचा. कसा झाला, हे त्याने तिला कधी विचारलं नाही. थंड रोडग्याला काय विचारायचं!

त्यात त्याचा एक नेम होता, बापाकडून आलेला. रोडगे लावणाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी जेवायचं. त्याने आधी घास घेतला की रोडगे आतून कच्चे राहतात. हा नेम चंद्रभानने कधी मोडला नाही. त्यामुळे जिथे सुभद्रा सोबत गेली तिथेही तो विस्तवापाशी आणि ही बायकांत, त्याचं जेवण होईपर्यंत उपाशी; तिच्या पानावर यायचा तो निवलेलाच. दोघांची पानं एका ओळीत कधी मांडली गेली नाहीत.

याला थोडी ती स्वतःही जबाबदार होती म्हणा. तिचं माहेर रामटेककडचं, धानाची शेती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावई घरी आला तेव्हा शेतावर जेवण होतं. जावई पाटावर, मानाचं पान मांडलेलं, आणि तिकडे रोडगे लावणाऱ्या गड्याला काही जमेना. जावयाने धोतर खोचलं आणि सरळ विस्तवापाशी जाऊन बसला. त्या दिवशी जे रोडगे झाले त्याची गोष्ट तिच्या बापाने मरेपर्यंत सांगितली. सुभद्रा झोपडीच्या आडून पाहत होती आणि तिचा ऊर भरून आला होता. आपला माणूस किती गुणाचा! तो अभिमान तिला पुढे फार महागात पडला.

मुलगी वनमाला हिच्या लग्नात तर कमाल झाली. कन्यादानाची वेळ आली, भटजी हाका मारून दमले आणि वधूपिता कुठे, तर मांडवामागे. "आलोच," तिकडून आवाज आला. आला तेव्हा हाताला कोपरापर्यंत राख. भटजींनी आधी हात धुवायला लावले. सगळा मांडव हसला, सुभद्राही हसली, आणि रात्री भांडी आवरताना रडली. "आलोच" हा शब्द तिने संसारात जितका ऐकला तितकं तिचं स्वतःचं नावही ऐकलं नसेल.

तरी तिने त्याला दोष दिला नाही. कारण तिने त्याला कचेरीतही पाहिलं होतं. एकदा डबा द्यायला गेली तेव्हा तो साहेबांच्या दाराशी स्टुलावर बसला होता, आतून घंटी वाजली की दचकून उठत होता. जमादार म्हटलं तरी शेवटी चपराशीच तो. पण विस्तवापाशी बसला की तेच साहेब हातात पत्रावळ घेऊन त्याच्यासमोर उभे राहायचे आणि तो म्हणायचा, "थांबा साहेब, अजून वेळ हाये." आणि साहेब थांबायचे! माणसाला अशी एखादी जागा लागते, हे सुभद्रेला कळत होतं. कळत होतं म्हणूनच बोलता येत नव्हतं, आणि न बोलल्यानेच ती जास्त थकत होती.

मागची काही वर्षं सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं सुभद्रेने केलं. त्या गेल्या, वर्षश्राद्धही झालं, आता करायला काही उरलं नव्हतं. तरी थकवा म्हणून उतरत नव्हता. सकाळी उठली की आदल्या दिवसाइतकीच दमलेली असे. डॉक्टरांनी लाल औषध दिलं आणि सांगितलं, बाई, हवापालट करा. महालातल्या बाईने हवापालट कुठे करायचा, या खोलीतून त्या खोलीत?

आणि तशातच ती बातमी आली. जानेवारीअखेर चंद्रभान पेन्शनीत निघणार होता. त्या साली सव्वीस जानेवारी शुक्रवारी आली, शनिवारची सुट्टी साहेबांनी देऊन टाकली, पुढे रविवार. बडे बाबू मनोहरराव यांनी ठरवलं की जमादाराला निरोप द्यायचा तो कचेरीत पेढा देऊन नाही, खिंडसीच्या तलावावर तीन दिवस राहून. सगळ्यांनी सहकुटुंब यायचं. तलावाकाठचा सरकारी बंगलाही मिळाला.

"या खेपेले मी पाहुना," चंद्रभानने घरी येऊन सांगितलं. "बडे बाबूनं सगळ्यांसमोर सांगतलं, जमादाराले कोनी विस्तवापाशी बोलवाचं नाही. तू चाल. पयल्या पंगतीत दोघं जोडीनं बसू. अन् मंग डोंग्यात बसू."

"खरंच बसान?" तिने विचारलं.

"आता का लिहून देऊ वं, वनमालेची माय?"

सुभद्रेने पेटीच्या तळातलं जांभळं लुगडं काढलं. खिंडसी तिच्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी त्या पाण्यात ती धीवरांच्या डोंग्यात, म्हणजे छोट्या होडीत, बसून शिंगाडे तोडायला जायची, परत घरी आली की हात काट्यांनी ओरबाडलेले असायचे आणि आईचा मार मिळायचा. लग्नानंतर त्या पाण्यावर ती एकदाही गेली नव्हती. त्या आठवड्यात तिने लाल औषध घेतलंच नाही, विसरूनच गेली.

शुक्रवारी झेंडावंदन आटोपून ट्रक निघाला. खाली गाद्या अंथरलेल्या, वर माणसं, टोपल्यांत वांगी आणि संत्री, आणि एका कोपऱ्यात गोवऱ्यांची पोती. कामठी गेली, मनसर गेलं. चंद्रभान तिच्या शेजारी बसला होता. बोचऱ्या वाऱ्यात त्याने तिच्या गुडघ्यावर घोंगडी टाकली. मनोहररावांची बायको कुसुमताई हसून म्हणाली, "पाहा बाई, जमादारांना बायको दिसायला पेन्शन यावी लागली!" ट्रकभर हसू उसळलं.

बंगला उंचावर होता, खाली पायऱ्या, पायऱ्यांना लागून पाणी. उन्हं कलली होती. सुभद्रा पायरीवर बसली, लुगडं जरा वर घेऊन तिने पाय पाण्यात सोडले. "या नं जी," ती म्हणाली. चंद्रभान बसणारच होता, इतक्यात वर कोणी भरतासाठी वांगी विस्तवात टाकली आणि त्याने नाक वर केलं.

"बह्याड आहेत लेकाचे. जाळात टाकून राहिले. जरा पाहून येतो. आलोच."

अंधार पडला तरी तो आला नाही. कोणी त्याला बोलावलं नव्हतं हो, उलट मनोहरराव ओरडत होते, "जमादार, उठा तिथून!" पण भरीत झालं तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली, आणि त्या उजेडात त्याचा चेहरा असा खुलला होता की सुभद्रेने दुरून पाहिलं आणि पाय पुसून ती बायकांत जाऊन बसली.

शनिवारी कारण तयारच होतं. उद्याच्या निरोपाच्या जेवणाचे रोडगे कचेरीतली तरुण पोरं लावणार होती, त्यांचा म्होरक्या वसंत नावाचा कारकून. "त्याहिले शिकवतो," चंद्रभान म्हणाला. "आज शिकले म्हणजे उद्या माह्या जिवाले घोर नाही. तुह्यासाठीच करून राहिलो." हे ऐकून हसावं की रडावं! नवऱ्याने बायकोजवळ न बसण्याचं कारणही बायकोच.

त्या दिवशी बायकांनी सुभद्रेला कशालाही हात लावू दिला नाही. वांगी चिरायला बसली तर कुसुमताईने विळी ओढून घेतली. "काकू, तुम्ही आज पाहुण्या. जा, आराम करा पाण्याजवळ." ती गेली. आणि तिला कळलं की आराम करणं ही शिकायची गोष्ट आहे आणि आपल्याला कोणी ती शिकवली नाही. मांडी घालून बसली तर पाठ दुखायची. पाय सोडून बसली तर हातांना काम नसल्याने ते लुगड्याचा पदर पिळत राहायचे. नजर पाण्यावर आणि कान मागे, पायरीवर चप्पल वाजते का म्हणून. पाण्याजवळ बसूनही ती महालातल्या त्या खोलीतच बसली होती, दाराकडे कान लावून.

दुपारी एक म्हातारा धीवर डोंगा घेऊन पायऱ्यांशी लागला, देवाजी नाव. बोलता बोलता माहेरची ओळख निघाली. "तुमी त्याहिची पोरगी का?" देवाजी म्हणाला. "तुमच्या बापाच्या बांधावर लई जेवलो मी. या, बसा, फिरवून आनतो."

"उद्या," ती म्हणाली. "उद्या दोघं येतो."

संध्याकाळी चंद्रभान पायऱ्यांवर आला तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. तो तिच्याजवळ धपकन बसला. अंगाला धुराचा वास, डोळे गुंजेसारखे. साठीला आलेला माणूस, दिवसभर आगीपाशी वाकून त्याची कंबर धरली होती. बसल्या बसल्या त्याला पेंग येऊ लागली. तिने त्याचं डोकं आपल्या खांद्याला टेकू दिलं. रागावायचं होतं, पण त्याच्या कानशिलावरची राख पुसण्यातच ते राहून गेलं.

"थकून गेलो वं," तो डोळे मिटूनच म्हणाला.

"मी बी," सुभद्रा म्हणाली.

"तू? तू त बसूनच होती."

 थोड्या वेळाने तो म्हणाला, "उद्या पयली पंगत. रोडग्याले हात लावन त माह्या बापाचा नाही."

रविवारी ऊन छान पडलं होतं. बंगल्यासमोरच्या आंब्याखाली सडा टाकला. कुसुमताईने फर्मान काढलं की पहिल्या पंगतीत जोडप्यांनी बसायचं, बाकीच्यांनी दुसऱ्या, आणि मधले मानाचे दोन पाट जमादार-जमादारीणबाईंचे. पाटांभोवती रांगोळी काढली. चंद्रभान धुतलेलं धोतर आणि टोपी घालून आला, सुभद्रा जांभळ्या लुगड्यात. दोघांच्या पळसाच्या पत्रावळी शेजारी शेजारी मांडल्या होत्या, काठाला काठ लागला होता. सुभद्रेने त्या जुळल्या काठांवरून हळूच बोट फिरवलं.

"नाव घ्या काकू, त्याशिवाय तूप नाही," बायकांनी धरलंच. तिने पदर ओढला आणि ती म्हणाली,

"खिंडसीच्या पाण्यात लाटेमागे लाट,
चंद्रभानरावांच्या शेजारी आज मांडला पाट."

टाळ्या पडल्या. चंद्रभान लाजला. तिकडून वसंत फडक्यात रोडगे झटकत आला. पहिला मान जोडीचा. त्याने तिच्या पत्रावळीवर रोडगा फोडला, वाफ उठली, पापुद्रे सुटले, तूप ओतलं ते आत झिरपून दिसेनासं झालं. मग चंद्रभानच्या पानावर फोडला. मनोहररावांनी श्लोक म्हटला. चंद्रभानने घास घेतला आणि चावता चावता थांबला.

काही बिघडलं नव्हतं. तेच तर झालं. रोडगे छान झाले होते, खरपूस, आतून शिजलेले, अगदी शिकवल्याबरहुकूम.

"वा रे वसंता!" मनोहरराव पंगतीच्या टोकाहून गरजले. "हुबेहूब जमादारांचा हात! जमादार, आता तुम्ही बिनघोर पेन्शनीत जा. गादीला वारस मिळाला. तुमच्यावाचून आता आमचं काही अडत नाही बरं का!"

माणूस भला, बोलणं गमतीचं. सगळे हसले. सुभद्रेने शेजारी पाहिलं. चंद्रभानच्या चेहऱ्यावरही हसू होतं, पण ते तसंच थिजून राहिलं होतं, आणि त्याचा गुडघा हलू लागला होता. तो गुडघा तिच्या ओळखीचा होता. आतली घंटी वाजली की असाच हलायचा.

"दुसऱ्या पंगतीचे म्या लावतो," तो पुटपुटला.

"बसा जी." तिने त्याच्या धोतराचा काठ धरला. चारचौघांत तिने असं कधी केलं नव्हतं. "आज बसा. घास घेतला तुमी. आता लावू नोका."

"दोनच मिनिटं. आलोच."

काठ तिच्या बोटांतून सुटला. भरल्या पानावरून, उष्ट्या हाताने, ज्या नेमावर आयुष्य काढलं तो मोडून चंद्रभान उठला. "अहो जमादार!" दोघातिघांनी हाक मारली, तो विस्तवापाशी पोचलासुद्धा. कोणी म्हणालं, जाऊ द्या, जित्याची खोड. पंगत पुन्हा बोलू-हसू लागली.

सुभद्रा आपल्या पानाकडे पाहत राहिली. शेजारच्या पानावर फोडलेला रोडगा निवत होता. तिला राग आला नाही, नवल म्हणजे रडूही आलं नाही. तिला एवढंच वाटलं की आता पुरे. याच्यासाठी थांबायची ताकद माझ्यात होती तेवढी संपली. आणि तिने जेवायला सुरुवात केली. सावकाश जेवली. वरण मागून घेतलं, भाजी मागून घेतली, आणखी अर्धा रोडगा घेतला. शेवटच्या घासाबरोबर सगळ्यांसोबत उठली, हात धुतला आणि पायऱ्या उतरून गेली.

देवाजी वाटच पाहत होता. "दोघं येनार होता नं, बाई?"

"एकलीच आहो. चाल."

डोंगा काठापासून सुटला. मधल्या पाण्यावर वारा मंद होता. शिंगाड्याचा हंगाम सरला होता, कुठे कुठे सुकलेली वेल तरंगत होती. तिने हात पाण्यात सोडला. लहानपणी लागायचं तेवढंच थंड लागलं. काठावर आंब्याखाली धुराची रेघ दिसत होती आणि तिच्या बुडाशी एक वाकलेला पांढरा माणूस, मुठीएवढा. ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत होती. मग तिने पाठ फिरवून घेतली.

"वल्हवू नको रे देवाजी. राहू दे इथंच."

देवाजीने वल्हं आडवं ठेवलं आणि चिलीम काढली. डोंगा जागच्या जागी हलत राहिला. सुभद्रेने फळीला डोकं टेकलं आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला. आज कित्येक वर्षांत अशी झोप तिला लागली नव्हती. कोणाची वाट पाहायची नसली की माणूस इतक्या लवकर झोपतो, हे तिला माहीतच नव्हतं.

परत आली तेव्हा दुसरी पंगत उठून गेली होती. लोक बंगल्यात सामान बांधत होते. आंब्यामागे त्या पंगतीच्या उष्ट्या पत्रावळींचा ढीग पडला होता, आणि जवळून जाताना तिला दिसलं की जवळजवळ प्रत्येक पत्रावळीवर रोडग्याचा मधला भाग तसाच टाकलेला होता, पांढरा, चिकट, कच्चा. विस्तव निम्मा विझल्यावर घाईत लावलेले रोडगे, दुसरं काय होणार! जेवणाऱ्यांनी तोंडाने मात्र वाहवाच केली असणार. निरोपाच्या माणसाला कोण कच्चं म्हणेल? वसंत समोरून येत होता, तिला पाहून त्याने मान खाली घातली.

चंद्रभान राखेपाशी एकटाच बसला होता. पुढ्यात पत्रावळ, तिच्यावर शेवटचा रोडगा. टोपी काढून बाजूला ठेवली होती. धुतलेलं धोतर राखेने माखलं होतं. तो एकदम म्हातारा दिसत होता. सुभद्रा गेली आणि शेजारच्या दगडावर बसली.

"जेवली?" त्याने विचारलं.

"जेवली."

"डोंग्यात गेलती?"

"हो."

त्याने मान हलवली. रोडगा फोडला. आत पांढरी कणीक. त्याने ती बोटाने दाबून पाहिली. "बाप सांगे, आधी घास घेऊ नये," तो म्हणाला. "सगळे म्हणाले मस्त झाले. बडे बाबू बी चाखून तेच म्हणाले. तोंडावर खोटं बोलले वं माह्या." आवाज फुटला होता त्याचा. मग त्याने तिला ते विचारलं, जे तो गावभर सगळ्यांना विचारत आला होता आणि तिला कधीच विचारलं नव्हतं.

"तू खरं सांगजो. त्या वसंताचा चांगला होता, का माह्या हातचा चांगला असते?"

 त्याचं मन राखायला एक शब्द पुरला असता, आणि आयुष्यभर तिने असे शब्द खर्चलेही होते. पण आज तिच्याजवळ शिल्लक नव्हता.

"मले काय मालूम जी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग करायलाही अंगात जोर लागतो. "तुमच्या हातचा गरम रोडगा म्या कधी खाल्लाच नाही. ताडून पाहू त कायच्याशी पाहू?"

 चंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी धूर कुठेच नव्हता.  मग त्याने काडीने राख उकरली. खाली चार निखारे अजून जिवंत होते. ते त्याने जवळ लोटले, पोत्याच्या तळाशी उरलेला गोवरीचा चुरा वर टाकला, फुंकर घातली आणि रोडग्याचे दोन्ही तुकडे त्यावर ठेवले.

"बस जराशी. हे होऊ दे."

"पोट भरलं जी माह्यं."

"मालूम हाये," तो म्हणाला. "तरी बस."

ती बसली. तो तिच्या शेजारी सरकला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका. वर बंगल्याशी ट्रक सुरू झाला. मनोहररावांनी मोठ्याने हाक मारली, "जमादार! चला हो, गाद्या चढवायच्या आहेत!" मग हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला, लांबलचक.

चंद्रभान आलोच म्हणाला नाही.